कोपऱ्यातल्या पंचबाई

लिफ्टचं दार बंद होता होता एक हात आत घुसला. कोपरापर्यंत पांढरी पावडर, खांद्यावर टॉवेल, आणि हाताच्या मालकांच्या तोंडाचा पट्टा आधीपासूनच सुरू.

"उतरताना अंगठा जरासा हलला, तर कापला की एक दशांश गुण! त्या कोपऱ्यातल्या पंचबाईंना डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

"बटणंच असावीत," मी म्हटलं. "आणि अंगठा नाही, अख्खं पाऊल हलवलंत. डावं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कोटावरच्या पंचाच्या बिल्ल्याकडे. आणि घाईघाईने वाकून तो बुटाची नाडी बांधायला लागला… पायात बूट नव्हतेच! सलग तीन वर्षं जिम्नॅस्टिक्सचं विजेतेपद मारणारा हा गडी असा लाजतो? खरं सांगते, मला तो तिथेच आवडला.

मी त्याच्याच सरावाच्या हॉलमध्ये सकाळी लहान मुलींना कोलांट्या शिकवते, हे त्याला कळलं मात्र — साहेबांचा सराव सातला सुरू होऊ लागला. बारवरून उतरला की ओरडायचा, "पंचबाई, किती?" मी बोटं दाखवायचे, मुली खुदुखुदु हसायच्या. त्याच्या तळहाताचे फोड फुटले की पट्टी मीच बांधायचे. एकोणतिसावं वर्ष, दुखरा खांदा, ही शेवटची स्पर्धा म्हणून जिवाच्या आकांताने लटकणारा हा माणूस औषधाचा कापूस दिसला की डोळे घट्ट मिटायचा.

"हल्ली सातच्या क्लासला सहालाच निघतेस," आई एकदा म्हणाली. "मुली लवकर येतात वाटतं?"

"आई, पुरे हं…"

मग अंतिम फेरी आली. आजवर मला निवड फेऱ्यांतच बसवायचे. दोन वर्षं परीक्षा दिल्यावर अंतिम फेरीची खुर्ची पहिल्यांदाच मिळाली होती. सकाळी मुख्य पंच मॅडमनी नेहमीचा कागद पुढे केला. कोणत्याही स्पर्धकाशी माझे जवळचे नाते नाही — खाली सही.

पेन टेकवलं, आणि हात अडला. तसं कोणीच काही बोललं नव्हतं, ना त्याने, ना मी. सही ठोकली असती तरी कोणाला पत्ता लागला नसता. पण मी खोटं लिहिणार, आणि तेही त्याच्याबद्दल?

"मॅडम, नातं नाहीये… पण तो गेल्या तीन वर्षांचा विजेता आहे ना, मला तो आवडतो. फार आवडतो. मला नका बसवू."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "खुर्ची गेली, कळतंय ना?"

"कळतंय." डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

तो सरावाच्या हॉलच्या दारातच भेटला. ऐकून भडकलाच.

"वेडी आहेस का तू? दोन वर्षं मर मर मेलीस त्या खुर्चीसाठी!" अहो-जाहो कधी गळून पडलं, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"पुढच्या वर्षी बसेन की."

"पुढच्या वर्षी मी खेळणार नाहीये."

"म्हणूनच तर बसता येईल."

त्याचे कान लालबुंद. मग हळूच — "म्हणजे… पुढच्या वर्षीही मी तुला आवडणार आहे?"

"माझं मी मॅडमना सांगून आलेय. तू तुझं बोल."

"मी काय बोलू? अगं, सातला सरावाला येणारा माणूस आहे का मी!"

तेवढ्यात त्याच्या नावाचा पुकारा झाला.

मी प्रेक्षकांत जाऊन बसले. पंचाच्या खुर्चीत काहीही झालं तरी हात मांडीवर ठेवावे लागतात. तो बारवरून सुटला, हवेत गिरक्या घेतल्या आणि गादीवर रोवल्यासारखा उभा राहिला. गुण लागायच्या आधीच मी उठले, आणि शेजारच्या आजोबांनी कानांवर हात ठेवले तरी टाळ्या वाजवतच राहिले.