सुहासभाऊंची गुराब

बत्ती जरा बारीक कर, स्वरूप. आंबा उतरवायला आलेले गडी झोपलेत, त्यांना झोपू दे. राखण आपली आहे, आपण जागू.

मघाशी तुम्ही विचारलंत ना, की तात्या, तुम्ही वाळू नेता, चिरा नेता, आंब्याच्या पेट्या नेता, मग लाकूड म्हटलं की टेम्पोची चावी का लपवता? सांगतो. मध्ये हसायचं नाही. हे माझ्या ओळखीच्या माणसाच्या घरात झालंय, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

नाचणे गावात सुहास तांबे राहतात. मुंबईला गोदीत सुतार होते. निवृत्त झाले, गावी आले, दोन खोल्या आणि पुढे पडवी असं घर बांधलं. बायको सुनंदावहिनी. मुलगी लग्न होऊन पनवेलला. माणूस बौद्ध, शिकलेला, नारळ-उतारा-अंगारा यातलं काही मानत नव्हता. मी लिंबू-मिरची टेम्पोला बांधली की हसायचे, म्हणायचे, "भागोजी, ब्रेक तपासलास का? मग झालं."

त्यांना वेड एकच. जुन्या आरमाराची लढाऊ गुराब, शिडाची, दोन डोलकाठ्यांची, तोफांसकट, ती लाकडात करायची. माझ्या दोन हातांएवढी लांब, पण खऱ्यासारखी खरी. मला म्हणायचे, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या लोखंडी बोटींना ठिगळं मारली. आता एक बोट माझी."

तर त्या वर्षी गणपती गेले आणि आम्ही दोघं टेम्पो घेऊन नाटे गावाला गेलो. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, तिथे येसूबाई म्हणून म्हातारी आहे, तिच्या परसात जुन्या सागवानाचा वासा पडलाय. गेलो. म्हातारी मासे सुकत घालत होती. वासा काळाभोर, एका बाजूनं खाऱ्या पाण्यानं खाल्लेला.

"वादळात खाडीनं वर टाकलान," ती म्हणाली. "माझा झिल त्याच्यावर जाळी वाळवी. आता पोरगा मुंबईस. न्या तुम्ही, वाटेत येतो नुसता."

पैसे घेतले नाहीत. आम्ही वासा चढवला आणि आडिवऱ्याच्या रस्त्यानं संध्याकाळच्या आत घरी. वाटेत चहा प्यालो. काही म्हणजे काही झालं नाही.

सुहासभाऊंनी वासा चिरला. आतून लाकूड लालसर निघालं, कालच तोडल्यासारखं. त्यांचा हात असा की बघत बसावं. कणा झाला, बरगड्या झाल्या, बाजूच्या फळ्या बसल्या. पितळेच्या नळीच्या तोफा केल्या, बोटाच्या पेराएवढ्या. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं नाक, अशी टोकदार, की पाण्यात सोडली असती तर स्वतःच गेली असती. सगळं सुरळीत. 

मग वरचा डेक बसवायची वेळ आली.

पातळ पट्ट्या कापल्या, गोंद लावला, बारीक चुका, टाचणीएवढे खिळे, ठोकल्या, रात्रभर वाळायला ठेवलं. सकाळी बघतात तर पट्ट्या उचललेल्या. म्हणाले, दमट हवा आहे, लाकूड फुगलं. पुन्हा बसवल्या. पुन्हा तेच. गोंद बदलला. पट्ट्या उन्हात कडकडीत वाळवल्या. सकाळी सगळ्या चुका वर आलेल्या. आता बघा, चूक पकडीनं उपटली तर तिच्या डोक्यावर ओरखडा येतो. इथे डोकी स्वच्छ होती. खालून ढकलल्या होत्या.

सुनंदावहिनींनी एक पट्टी उलटी करून खिडकीशी धरली. आतल्या अंगाला ओरखडे. सुईनं काढावेत इतके बारीक. पाच-पाचच्या जुड्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही नखं आहेत."

त्या दिवसापासून सुहासभाऊंची झोप गेली.

मी एकदा संध्याकाळी बांगडे द्यायला गेलो. पडवीत मोठ्या टेबलावर गुराब होती, आणि ते तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले. डोळे आत गेलेले. मला म्हणाले, "भागोजी, कान लाव."

डेकच्या पट्ट्या त्यांनी नुसत्या वर ठेवून हातानं दाबून धरल्या होत्या. मी वाकलो. लाकडाला कान लावला. आधी काही नाही. मग अगदी बारीक... दिव्याभोवती चिलटं गुणगुणतात ना, तसं. मी म्हटलं, वाळवी असेल. ते म्हणाले, "नीट ऐक."

मी ऐकलं. ती गुणगुण मध्येच तुटायची. परत सुरू व्हायची. तुटायची. परत सुरू...

पोरांनो, चिलट श्वास घ्यायला थांबत नाही.

माणसं होती ती. एक-दोन नव्हेत, गर्दीच्या गर्दी. कोंडलेली. किंचाळत होती, सगळी एकदम, आणि सगळ्यांचा मिळून आवाज चिलटांएवढा. मी तसाच मागे सरलो, खुर्ची पडली. सुहासभाऊंनी हात काढला, पट्ट्या सुटल्या, आवाज बंद.

"उघडं असलं की गप्प असतात," ते म्हणाले. "कधी काळी, हा वासा ज्या जहाजाचा, त्याच्या तळात कुणीतरी यांना कोंडून वरून झाकण ठोकलं. आणि मग आत उतरून कापलं, एकेकाला. ऐकताना कळतं, भागोजी. आवाज एकेक करून कमी होतात."

मी म्हटलं, "भाऊ, आत्ता टेम्पोत टाकतो. भाट्याच्या पुलावरून खाडीत सोडून देऊ."

ते म्हणाले, "ज्यांना वर येता आलं नाही, त्यांना परत बुडवू? मी डेक बसवणारच नाही. उघडी राहू दे माझी गुराब."

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं होतं.

दिवाळीला महेंद्र आला. सुहासभाऊंचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेलेले, म्हणून यांनीच त्याला मुंबईला नेऊन वाढवलेला. सुनंदावहिनींनी त्याला डबे करून दिले, तापात उशाशी बसल्या, दीर कसला, मुलगाच. ठाण्याला कारखान्यात फिटर होता. तोंडानं तिखट, हातानं उतावळा, पण भावासाठी जीव देईल असा. त्यानं भावाला पाहिलं आणि हबकला, रजा वाढवून तिथेच राहिला. माणूस अर्धा झालेला. रात्र रात्र पडवीत बसायचा, त्या बोटीशी बोलायचा, "घाबरू नका, उघडीच आहे," म्हणायचा.

महेंद्र मला हातखंब्याला भेटला, तेव्हा रडकुंडीला आला होता. "भागोजीदादा, दादा वेडा व्हायला लागलाय हो. ज्यानं मला शिकवलं, भूत नसतं म्हणून, तोच..."

मी त्याला सांगायला हवं होतं, की मीही ऐकलंय. लाजेखातर बोललो नाही.

आता रात्र सांगतो. कार्तिकातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे देवदिवाळी, म्हणून मला पक्की आठवते. सुनंदावहिनींनी सुहासभाऊंना डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी दुधातून दिली. ते झोपले. महेंद्रनं तेवढ्यात काम उरकलं. डेकच्या पट्ट्या बसवल्या, वर लोखंडी पट्टी आडवी टाकली आणि जाड स्क्रू पिळून पिळून बसवले. वहिनींना म्हणाला, "सकाळी दादाला दाखवतो. बघ म्हणावं, काही होत नाही." आणि तिथेच पडवीत चटई टाकून आडवा झाला.

पुढचं वहिनींनी मला सांगितलं ते.

मध्यरात्र उलटून गेली असेल. त्यांना जाग आली ती वासानं. ओल्या लोखंडाचा वास. मग आवाज. आता कान लावायची गरज नव्हती. भिंतीच्या अलीकडे ऐकू येत होतं. घरात मधाचं पोळं फुटल्यासारखं.

त्यांनी पडवीचा दिवा लावला.

महेंद्र टेबलाशी उभा होता. डावा हात गुराबेच्या डेकवर दाबलेला. उजव्या हातात कोयता, नारळ सोलायचा. डोळे सताड उघडे. 

"महेंद्र?"

त्यानं मान वळवली. आवाज त्याचा नव्हता. जाड, घोगरा, दमलेला. "झाकण हलता कामा नये."

"महेंद्र, अरे मी आहे..."

"एकही वर येता कामा नये."

सुहासभाऊ धडपडत बाहेर आले. गोळीची गुंगी होती. त्यांनी आवाज ऐकला आणि सरळ टेबलाकडे गेले. "मह्या, बाजूला हो. उघड ते. अरे, मरतायत ती..." त्यांनी डेकवर हात घातला.

कोयता खाली आला.

दोन बोटं टेबलावर राहिली. सुहासभाऊ नुसते हाताकडे बघत राहिले. दुसरा घाव खांद्यात बसला. हाडात रुतला. महेंद्रनं पाय छातीवर ठेवून तो ओढून काढला, लाकडातून काढावा तसा. सुहासभाऊ खाली. तो त्यांच्यावर बसला. शांतपणे. रोजचं काम असल्यासारखा. मान कुठे ते त्यानं चाचपून पाहिलं...

वहिनी स्वयंपाकघरात धावल्या. हाताला वरवंटा लागला. तो घेऊन आल्या. महेंद्रची पाठ समोर. डोकं समोर. त्यांनी वरवंटा दोन्ही हातांनी उचलला.

आणि मारवेना. त्या डोक्याला त्यांनी तेल लावलं होतं हो, पोर असताना.

त्यांनी तो गुराबेवर घातला. एक घाव. डोलकाठी मोडली. दुसरा. पट्टी वाकली, स्क्रू उडाले. तिसऱ्याला डेक आत गेला.

आवाज थांबला.

एकदम. 

महेंद्रच्या हातातून कोयता गळला. तो उठला. भावाकडे बघितलं, रक्ताकडे, स्वतःच्या हातांकडे. आता डोळे त्याचे होते. आवाजही त्याचा.

"वहिनी... वहिनी, हे मी..."

मग त्यानं खाली पाहिलं. पायांकडे.

"वहिनी, काहीतरी चावतंय."

पायाच्या बोटांतून रक्त आलं. मग घोट्यातून. तो पाय झाडायला लागला. दिसत काही नव्हतं, दिवा लख्ख होता, जमीन मोकळी होती. नुसतं रक्त वर चढत होतं. पोटऱ्या. गुडघे. तो अंगावर चापट्या मारायला लागला, गांधीलमाशा लागल्यासारखा. सदरा फाडला. छातीवर लाल ठिपके उमटत होते, एकाशेजारी एक, भराभर, वर वर... 

"मी नाही! वहिनी, सांग त्यांना, तो मी नव्हतो..."

वहिनींनी त्याला मिठी मारली. दोन्ही हातांनी पुसत राहिल्या, झटकत राहिल्या. हाताला काही लागलं नाही.

गळ्यापर्यंत आलं.

मग तो काही बोलला नाही.

मला फोन आला तेव्हा नुसतं रडणं ऐकू आलं. मी टेम्पो घेऊन पोचलो. पडवीत शिरताना पाय घसरला माझा. दोघा भावांना मागे घातलं, वहिनी मध्ये बसल्या, एक डोकं एका मांडीवर, दुसरं दुसरीवर. सुहासभाऊ वाचले. महेंद्र दवाखान्याच्या फाटकापर्यंतही टिकला नाही.

डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "कोणत्या मशीनमध्ये सापडला हा?" अंगभर जखमा. हजारो. खोल, सरळ, धारदार पात्यानं केलेल्या. आणि तांदळाच्या दाण्याहून मोठी एकही नाही. पोलीस आले, घर पालथं घातलं, कोयत्याशिवाय काही नाही, तसल्या जखमा करणारं हत्यार मिळालंच नाही. सुहासभाऊंना फार दिवस खेपा घालायला लावल्या. शेवटी सोडून दिलं. स्वतःचा खांदा तुटलेल्या माणसावर काय ठेवणार?

गुराबेची लाकडं त्यांनी एका सकाळी भाट्याला ओहोटीच्या पाण्यात सोडली. मी बरोबर होतो. गेली ती सरळ बाहेर, समुद्राकडे. पुन्हा त्यांनी रंधा हातात धरला नाही.

मधे बरेच महिने गेले. मी एकदा सहज गेलो. सुहासभाऊ झोपले होते. वहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "भागोजीदादा, एक दाखवायचंय. यांना सांगितलेलं नाही."

त्यांनी पायातले मोजे काढले. उकाड्याचे दिवस, आणि पायात मोजे. दोन्ही पावलांवर, वरच्या बाजूला, तपकिरी ठिपके. पुरळ उठल्यासारखे, दाट.

"त्या रात्रीचं रक्त आहे," त्या म्हणाल्या. "साबणानं गेलं नाही. दगडानं घासलं, कातडी सोलली. कातडी नवी आली, हे परत आलं. घड्याळवाल्याकडून भिंग आणलंय मी. बघा."

मी वाकलो. भिंग धरलं.

तळहात होते, पोरांनो. मुंगीच्या डोक्याएवढे. बोटं वेगळी मोजता येतील असे. आणि सगळे जोडीनं, उजवा-डावा शेजारी शेजारी, बोटांची टोकं वहिनींकडे... पाया पडताना आपण ठेवतो ना, तसे.

मी वर बघितलं. वहिनी भिंतीकडे बघत होत्या.

"माझं पोर मारलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आणि मग हे..."