आधी साहेबांना सांगितलं

डोळे मिटा बरं. मिटले? आता कल्पना करा, तुम्ही आठ वर्षांच्या आहात. नागपूरहून गोंदियाकडे निघालेल्या गच्च भरलेल्या गाडीत उभ्या आहात, आणि तुमचा हात धरलेली मावशी इतकी रागावली आहे की तुमची बोटं दुखू लागली आहेत.

ती मुलगी म्हणजे आपली रुची. तिचे आईबाबा एका अपघातात गेले, तेव्हा ती तीन वर्षांची होती. तेव्हापासून अल्कामावशीनंच तिला वाढवलं. मावशी गोंदियाच्याही पुढं, दरेकसाच्या दवाखान्यात नर्स. पाच वर्षांत एकदाही न फिरकलेले रुचीचे आजोबा, दुर्गाप्रसाद, एके दिवशी कोर्टात गेले आणि म्हणाले, नात आमची आहे. खालच्या कोर्टानं त्यांचं ऐकलं. बाई अविवाहित, नोकरी करणारी. मुलगी आजोबांकडे जावी! मावशीनं नागपूरच्या मोठ्या कोर्टात अपील केलं. निकाल लागेपर्यंत रुची तिच्याजवळ राहणार होती. पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी वकील म्हणाले होते, “मॅडम, कोणाशीही लग्न करून टाका ना. केस मजबूत होईल.”

कोणाशीही! मावशी धुमसतच गाडीत चढली. पाहते तर खिडकीजवळच्या जागेवर एक काळी बॅग आरामात बसलेली, आणि शेजारी तिचा मालक.

“या बॅगनं तिकीट काढलं का जी?”

“नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. “तिचा पास आहे.”

रुची खुदकन हसली. मावशी हसली नाही. त्यानं बॅग मांडीवर घेतली, रुचीला खिडकी दिली आणि स्वतः उभा राहिला. तुमसरला त्यानं फुटाण्याची पुडी घेतली आणि हळूच पुढे केली.

“माझा राग फुटाण्यानं नाही जात.”

“मग कशानं जाते?”

“जात नाही. तुम्हीच उतरून जा.”

“इथं? माझं घर पार गोंदियाजवळ, मुर्रीला आहे, सिस्टर.” तिच्या पिशवीतून डोकावणारा पांढरा कोट त्यानं कधीच पाहिला होता.

असं ते सुरू झालं. कोर्टाची तारीख आली की परतीच्या गाडीत मुर्रीवाला भेटायचा. बॅग जागा धरून ठेवायची. नावं त्यांनी विचारलीच नाहीत... तो ‘सिस्टर’ म्हणे, ती ‘मुर्रीवाले’. तो कुठल्याशा सरकारी ऑफिसात टायपिंग करतो, एवढंच तिला माहीत. खिडकीतून पावसाचे तुषार आले की तो काच खाली ओढायचा, आणि ती मुद्दाम अर्धी वर करायची. भांडायला कारण हवं ना!

मग अपिलाची सुनावणी संपली. न्यायमूर्तींनी निकाल राखून ठेवला. एका कागदावर सही करायला मावशी कोर्टात गेली, आणि तिच्याच केसच्या न्यायमूर्तींच्या खोलीतून, छातीशी फाइल धरून, मुर्रीवाला बाहेर आला. फाइलवर तिचं नाव होतं. दोघंही जागीच थबकले.

संध्याकाळी गाडीत ती त्याच्यासमोर उभी राहिली. “तुम्हाले सगळं माहीत होतं!”

“नाव आज कळलं. आतापर्यंत फाइलमधली बाई वेगळी होती, गाडीतली वेगळी.”

“मग आता सांगा. काय लिहून राहिले साहेब लोक?”

तो खाली बघून बोलला. “दोन साहेब आहेत. एक साहेब मसुदा लिहितात. बंद पाकिटात तो दुसऱ्यांकडे जातो. ते खोडतात, आपलं मत लिहितात, परत पाठवतात. कधी एखाद्याचं मतच फिरते. दोघांचं नाहीच जमलं, तर तिसरे साहेब. उघड्या कोर्टात वाचेपर्यंत तो निकाल नसतो, सिस्टर. नुसता विचार असतो.”

“त्या पाकिटात माझी पोरगी आहे!” सगळा डबा वळून पाहू लागला. “हो का नाही, एक शब्द सांगा.”

“नाही सांगणार.”

“दगड आहात तुम्ही!”

रुचीनं त्याची बाही ओढली. “ते दोघं साहेब भांडतात का?”

“भांडतात की. पण कागदावर. आवाज न करता.”

रुचीनं मावशीकडे पाहिलं. आवाज न करता भांडता येतं, हे तिला अगदीच नवीन होतं.

त्यानंतर मुर्रीवाला गाडीत दिसलाच नाही. मावशी भांडी आपटायची. देवाला, वकिलाला, रेल्वेला, सगळ्यांना बोलायची. रात्री मात्र रुचीच्या डोक्यावर हात ठेवून जागी राहायची.

आणि निकाल आला. दोन्ही न्यायमूर्तींचं एकमत. रुची मावशीकडेच राहील. बाई अविवाहित आहे हा काही तिचा दोष नव्हे. आजोबांनी सुट्टीत भेटावं. मावशी कोर्टाच्या पायरीवर बसून रडली. पण राग? तो तसाच!

रविवारी ती आणि रुची गोंदियाला जायला दरेकसाच्या छोट्या स्टेशनवर आल्या. डोंगरावर धुकं होतं, भुरभुर पाऊस होता. गोंदियाहून आलेल्या गाडीतून काळी बॅग उतरली, मागोमाग मुर्रीवाला.

“अभिनंदन, सिस्टर.”

“आता आले? मी रात्र रात्र झोपली नाही, अन् तुम्हाले निकाल माहीत होता!”

“नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी फाइल सोडली. साहेबांना सांगितलं, या बाईंना मी ओळखतो, मला या कामापासून दूर ठेवा. पहिला मसुदा मीच टाइप केला होता. तो कसा होता, ते मात्र आजही नाही सांगणार.”

“आजही?”

“कधीच नाही.”

मावशीच्या मनात आलं, या माणसाजवळ ठेवलेली गोष्ट कुठं जाणार नाही. पण हे ती बोलली नाही. म्हणाली, “नुसतं ओळखतो म्हणून कोणी फाइल सोडते का?”

“साहेबांनीही हेच विचारलं. म्हणाले, अरे खुशाल... हो, हेच माझं नाव... ओळख म्हणजे किती?”

“मग?”

“मग सांगितलं... की जीव आहे माझा तिच्यावर.”

मालगाडी धडधडत गेली. ती जाईपर्यंत मावशी लाल होऊन उभी होती.

“माझ्याआधी साहेबांना सांगितलं? काऊन?”

“ते शांतपणे ऐकून घेतात,” खुशाल म्हणाला. मग हसू आवरून हळूच म्हणाला, “तेव्हा लग्नाचं विचारलं असतं, तर तुमचा होकार मला होता की केसला, हे तुम्हालाही कळलं नसतं.”

मावशीनं कमरेवर हात ठेवले आणि भांडायला तोंड उघडलं.

रुचीनं चित्रकलेच्या वहीतून दोन कागद फाडले. “लिहा. दोघंही. मग एकमेकाले द्या. आवाज नाही करायचा!”

बाकाच्या दोन टोकांना बसून त्यांनी लिहिलं आणि कागद बदलले. खुशालनं लिहिलं होतं, ‘आपल्याशी लग्न करावं, अशी माझी इच्छा आहे.’ मावशीनं पेन घेतला, ‘आपल्याशी’ खोडलं आणि वर ‘तुझ्याशी’ लिहिलं. तिच्या कागदावर होतं, ‘राग गेलेला नाही. तरी हो.’ खुशालनं त्यातलं काहीच खोडलं नाही. खाली सही केली.

“जमलं का दोघांचं?” रुचीनं विचारलं.

दोघांनी माना हलवल्या.

“मग आता उघड्यावर वाचा लागते ना, काका?”

“रुची, नाही हं! इकडे दे!” मावशी उठली.

पण रुचीनं दोन्ही कागद केव्हाच काढून घेतले होते. ती बाकावर चढली, चहावाल्याला, हमालाला आणि झेंडी धरून उभ्या स्टेशन मास्तरांना म्हणाली, “शांत राहा!” मग घसा साफ केला, आणि पहिल्या शब्दापासून मोठ्यानं वाचू लागली.