पिवळ्या शिवणीचं स्टिअरिंग

मास्तर जिना चढून आले, दारात क्षणभर थांबले आणि खिडकीपाशी बसलेल्या भाऊजींना म्हणाले, "नमस्कार बाई. काम जरा नाजूक आहे."

भाऊजींच्या मिशा झुपकेदार आहेत आणि त्यांचा त्यांना अभिमान आहे. ते मनातून चांगलेच दुखावले. खाजगी तपासाचं काम वहिनींचं. भाऊजी त्यांचे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरी बसून सगळ्यांच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा ती इथे येऊन करावी, असं घरच्यांनीच सुचवलं होतं.

"बाई इकडे आहे," वहिनी टेबलामागून म्हणाल्या. "बसा मास्तर."

मास्तरांनी खुर्चीची पाठ चाचपली आणि बसले. अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलेला हा माणूस. ज्या गाडीवर शिकवलं, ती जुनी गाडी अजून त्यांच्या शेडमध्ये होती, आणि मास्तर अजून ती चालवत होते. दोन दिवस बहिणीकडे गेले आणि परत येऊन बघतात तर पुढची दोन्ही चाकं आणि स्टिअरिंग गायब. शेडचं कुलूप जसंच्या तसं.

"आणि परवा स्टिअरिंग सापडलं," मास्तर म्हणाले. "जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, विकायला टांगलेलं. त्यावर कातडं मी स्वतः चढवलंय, जाड पिवळ्या दोऱ्यानं. दुकानातून चाललो होतो, हाताला शिवण लागली आणि जागीच ओळखलं. दुकानदार माल कुणी आणला ते सांगेना."

"तुमचा संशय कुणावर?"

"संशय कसला? मिस्त्री. शेडची एक किल्ली माझ्याकडे, एक घरात खिळ्याला, तिसरी त्याच्याकडे. मी भर चौकात सांगितलं त्याला, तू चोर आहेस म्हणून."

मिस्त्री म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक, मास्तरांचा निम्म्या आयुष्याचा मित्र. चौकातल्या त्या तमाशानंतर त्याच्याकडे कुणी गाडी टाकेनासं झालं होतं. हे मास्तरांनीच सांगितलं, आणि सांगताना ते मान खाली घालून बसले होते.

"उद्या सकाळी मी पोलिसांत जाणार. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"पुरावा शोधायचा की चोर?"

"एकच ते."

"नेहमी नसतं," वहिनी म्हणाल्या आणि चप्पल पायात सरकवली.

शेडच्या फाटकाचा डावा खांब खरचटलेला होता. जुन्या ओरखड्यांवर नवे ओरखडे, सगळ्यांत गाडीचा निळा रंग. आत गाडीचं नाक विटांवर टेकवलेलं होतं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले होते. वहिनी वाकून पुढच्या बाजूला बघत राहिल्या. चाकं नव्हती, पण त्यांचे नट होते, ज्याच्या त्याच्या बोल्टवर परत फिरवून ठेवलेले. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा मोठा नटही तसाच.

"मोठा टापटिपीचा चोर दिसतो," भाऊजी म्हणाले. "मिस्त्रीच. माहीतगाराशिवाय हे जमायचं नाही."

मिस्त्रीच्या गॅरेजात एकच गाडी होती, तीही त्याची स्वतःची. एक चाक उतरवलेलं. भाऊजी ऐटीत पुढे झाले आणि खाली ठेवलेल्या पत्र्याच्या वाडग्याला त्यांची लाथ लागली. नट चहूकडे घरंगळले.

"काही नाही, रोजचंच आहे," मिस्त्री म्हणाला आणि गोळा करायला बसला. "आमचे सगळे नट वाडग्यात. बापाच्या वेळेपासून."

त्यानं काही नाकारलं नाही आणि काही कबूलही केलं नाही. किल्ली आपल्याकडे आहे म्हणाला, पुढे केली. मास्तरांचा राग आला का, असं वहिनींनी विचारलं तेव्हा त्यानं फडक्याला हात पुसले.

"मागच्या महिन्यात मी त्यांना एक गोष्ट तोंडावर सांगितली. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नव्हते. काय सांगितलं ते त्यांनाच विचारा. मी चारचौघांत कुणाची लाज काढत नाही."

मास्तरांच्या घरी त्यांचा मुलगा मोटरसायकलवरून कामाहून आला. गाडी तुम्हाला येते का, असं विचारल्यावर तो हसला. बाबांकडे पहिल्याच आठवड्यात पळ काढला म्हणे. चाक बदलण्याआधी दुसऱ्या चाकांना दगड लाव, नट काढलास की तो परत त्याच्या बोल्टवर फिरव, आणि असं न करणाऱ्याला बाबा पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. त्या जाचापेक्षा दोन चाकं बरी.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला सांगतो, बाबांना सांगू नका. मी गाडीला गिऱ्हाईक बघितलं होतं. बाबा आत्याकडे गेले त्याच आठवड्यात तो यायचा होता. चाकं नाहीत म्हटल्यावर फिरकलाच नाही. बाबांच्या पाठीमागे विकत होतो, ही माझी चूकच."

"झालं की!" भाऊजी बाहेर येऊन कुजबुजले. "घर का भेदी!"

वहिनी पुन्हा आत वळल्या.

सूनबाईंनी पाणी आणलं. लग्नानंतर सासऱ्यांनी त्यांना आपल्या मुलीसारखं शिकवलं होतं, गाडीसुद्धा. मास्तर एका वेळी दोन विद्यार्थी घ्यायचे, एक चालवायला, एक मागे बसून बघायला, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकांवरून आपल्याला कळायचं, असं त्या सांगत होत्या. हल्ली मात्र त्या गाडीत बसत नव्हत्या. बाजार लांब असला तरी पायी जात होत्या. का, तर चालणं बरं असतं म्हणून.

चाकं कुठे असतील, स्टिअरिंग परत मिळेल का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. निघताना फक्त एवढं विचारलं, "मिस्त्रीकाकांना खरंच धरून नेतील का हो?"

बाजारातलं ते दुकान लांबूनच ओळखू आलं, कारण दारातच काळं स्टिअरिंग टांगलं होतं आणि त्याची पिवळी शिवण रस्त्याच्या पलीकडून दिसत होती. भाऊजींनी किंमत विचारली. दुकानदारानं असा आकडा सांगितला की भाऊजींना वाटलं, खाली गाडीही जोडून मिळते.

"एवढ्याला कोण घेणार?"

"नका घेऊ," दुकानदार सिगरेट ओढत शांतपणे म्हणाला.

"आम्ही मास्तरांकडून आलोय," वहिनी म्हणाल्या.

दुकानदार ताडकन उभा राहिला. हातातली सिगरेट पायाखाली गेली.

"गाडीत तुमच्याबरोबर मागे कोण बसायचं?" वहिनींनी विचारलं.

नाव सांगायचं टाळून तो स्टिअरिंग उतरवू लागला. पण वहिनींनी सांगितलेल्या वेळी चाकं आणि स्टिअरिंग छोट्या टेम्पोत घालून संध्याकाळी तो मुकाट शेडवर हजर झाला.

शेडमध्ये मास्तर, मुलगा, सूनबाई आणि दुकानदार उभे होते. भाऊजी मुलाच्या शेजारी, म्हणजे त्यानं पळ काढलाच तर.

"मिस्त्रींनी चाकं काढली असती तर नट वाडग्यात गेले असते," वहिनींनी सुरुवात केली. "बापापासूनची सवय चोरी करताना सुटत नाही. इथे नट परत बोल्टवर आहेत, चाकांना दगड आहेत. ही, मास्तर, तुमची शिकवण. चोर तुमचा विद्यार्थी आहे. आणि त्याला गाडी जपायची होती, फक्त चालू द्यायची नव्हती."

"विद्यार्थी तर अर्धं गाव आहे," मास्तर म्हणाले.

"कुलूप फुटलेलं नाही. म्हणजे घरातली किल्ली वापरली. तुमचा मुलगा थोडंफार शिकला होता, पण तो ही गाडी विकत होता, मास्तर. माफ करा हं, तुम्ही सांगू नका म्हणालात, पण आता सांगावंच लागतंय. विकायच्या गाडीची चाकं कुणी स्वतःच काढत नाही."

मास्तरांनी मुलाच्या दिशेनं तोंड वळवलं. मुलगा जमिनीकडे बघत राहिला. भाऊजी हळूच त्याच्यापासून दूर सरकले.

"दुकानदारानं सांगितलेली किंमत विकायची नव्हतीच, गिऱ्हाईक पळवून लावायची होती. माल त्याच्याकडे ठेव म्हणून आलेला. तुमचं नाव ऐकताच त्यानं सिगरेट टाकली, म्हणजे हाही तुमचाच विद्यार्थी. याच्याबरोबर मागच्या सीटवर जी बसायची, तिनं त्या दिवशी हाक मारली आणि हा टेम्पो घेऊन आला. फक्त माल आत ठेवायचं सोडून सवयीनं दारात टांगला."

"खिळा रिकामा दिसला की मी काहीही टांगतो," दुकानदार खजील होऊन म्हणाला. "बाईसाहेब, चुकलंच माझं."

सूनबाई पुढे आल्या.

"मी काढली चाकं, बाबा. त्या दिवशी रस्ता ओलांडणाऱ्या आजी तुम्हाला दिसल्याच नाहीत. मी हँडब्रेक ओढला. तुम्ही हसलात, म्हणालात, पोरी, उगाच घाबरतेस. त्या आजी माझ्या काचेपासून एवढ्याशा अंतरावर होत्या. मी यांना सांगितलं, हे म्हणाले तू सांग. मला तुमच्या तोंडावर सांगवेना. तुम्ही मिस्त्रीकाकांना चोर म्हणालात, तेव्हाही मी गप्प बसले. ते पाप माझं."

मास्तर चाचपडत गाडीकडे वळले.

"मास्तर," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "हे स्टिअरिंग रस्त्यापलीकडून दिसतं. तुम्हाला ते हात लागेपर्यंत कळलं नाही. माझ्या ऑफिसात तुम्ही भाऊजींना बाई म्हणालात. फाटकाचा खांब मी बघितलाय. मिस्त्रींनी तुम्हाला तोंडावर काय सांगितलं होतं?"

मास्तर बॉनेटवर हात टेकून उभे राहिले.

"मास्तर, डोळे गेलेत, आता गाडी थांबवा, असं म्हणाला." त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. "मला ठाऊक होतं. त्याच्या आधीपासून ठाऊक होतं. चाकं गेल्यावर माझ्या मनात पहिलं आलं, चोर तो निघाला तर बरं. चोराचं कुणी ऐकत नाही. मी पुरावा मागायला आलो नव्हतो बाई, मला तो चोर हवा होता."

भाऊजींनी पुढे होऊन फाटक उघडलं.

मास्तर सूनबाईंचा हात धरून चौकात गेले. मागोमाग सगळे. मिस्त्री रिकाम्या गॅरेजच्या दारात खोक्यावर बसला होता.

"माझं चुकलं," मास्तर त्याच्यासमोर जाऊन म्हणाले.

"मला ऐकू आलं," मिस्त्री म्हणाला. "त्या दिवशीही आलं होतं. पण त्या दिवशी सगळ्या चौकाला ऐकू आलं होतं, मास्तर."

मास्तर वळले. समोर माणसं होती, पण त्यांना नुसत्या सावल्या हलताना दिसत होत्या.

"सूनबाई, कोण कोण आहे सांग."

"चहावाले काका आहेत. वाण्याच्या दुकानात तीन-चार जण. तुमच्याकडे आत्ता शिकणाऱ्या दोन मुली," सूनबाईंनी सांगितलं, आणि त्या रडायला लागल्या.

मास्तरांनी शिकवणीत वापरायचे तो खणखणीत आवाज लावला.

"ऐका सगळे. मिस्त्री चोर नाही. मला दिसत नाही. हे त्यानं मला सांगितलं म्हणून मी त्याला चोर म्हणालो. मुलींनो, उद्यापासून दुसरीकडे जा शिकायला."

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मिस्त्री उठला.

"शेडवर येऊन चाकं बसवून देतो," तो म्हणाला. "पण काही दिवस तुम्ही इकडे बसायला येऊ नका. मला जमायचं नाही."

मास्तरांनी मान डोलावली. ते घराकडे निघाले, तशा सूनबाई दोन पावलं चालून थांबल्या. मागे मिस्त्री पुन्हा खोक्यावर बसला होता.

"जा," मास्तर सूनबाईंचा हात सोडत म्हणाले. "तुझं बोलून ये. मी थांबतो इथे."