उजव्या पायाचे बूट

"हवालदारकाका, चोराला एकच पाय असेल का हो?"

नारायणगावच्या भर स्टँडवर हे विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या रिद्धी आणि सिद्धीनं लावली होती. वृषालीनं विचारलंही. दहावीत गेल्यापासून ती कुणाला काय विचारेल याचा नेम नव्हता. जुळ्या बहिणी रसवंतीच्या आडोशाला तोंड दाबून हसत होत्या.

धर्माजी हवालदार मात्र हसला नाही. "का गं?"

"सूरजदादाची बॅग काल इथून चोरीला गेली ना, तिच्यात सगळे बूट उजव्याच पायाचे. कंपनी सेल्समनला नमुन्याची जोडी देतच नाही. दिली तर कुणीतरी घालून फिरेल म्हणून."

हवालदारानं सावकाश मान वळवली. समोर सावळाराम सायकलचं पंक्चर काढत होता. त्याचा डावा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. काल सूरज ज्या बाकावर बसला होता, ते त्याच्या दुकानाला लागूनच.

"सावळाराम, सांजच्याला चौकीत ये. न्हाई आलास तर मी येतो न्यायला."

हवालदार गेला. वृषाली सावळारामच्या दुकानापाशी आली.

"लई मोठं काम केलंस, पोरी," सावळाराम म्हणाला. "चोराच्या हातात कोण सायकल देतंय आता?"

"काका, तुम्हाला किती नंबरचा बूट लागतो?"

"बूट कसला? धा नंबरची चप्पल घेतो, ती बी चावती. एका पायाचे पैसे दर टायमाला फुकट जात्यात."

दादाच्या बॅगेतलं सॅम्पल झाडून सगळं सात नंबरचं होतं. मग चोराला त्या बुटांचा उपयोग तरी काय? घरी जाईपर्यंत वृषालीच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ते बूट कुणालाच नको होते.

सूरज खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. टाय खिळ्याला लटकत होता. बी.कॉम. झाला आणि आप्पांनी पुण्याच्या साहेबाच्या मागं लागून ही नोकरी मिळवली. तेव्हापासून उन्हातान्हात गळ्याला टाय, हातात बॅग आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून "उद्या या" ऐकायचं. संध्याकाळी घरी येऊन कुरकुरायचं, की डबा बुटांतच ठेवावा लागतो, भाकरीला चामड्याचा वास येतो.

"दादा, बॅग कुठं ठेवली होतीस?"

"बाकावर. माझा डोळा लागला."

"तिच्यात काय काय होतं?"

"रोजचंच."

"रोजचंच सगळं?"

"हो म्हटलं ना. तू काय फौजदार आहेस?"

मोरीतून आईनं हाक मारली. "वृषे, एवढा डबा पूस गं. कालचा तसाच राहिला व्हता. झाकणाला कांद्याची सालं कुठनं चिकटली, कुणास ठाऊक."

वृषालीनं डबा पुसला नाही. वास घेतला, नुसता कांद्याचा, आणि तशीच बाहेर आली. आप्पा नुकतेच स्टँडवरून येऊन टेकले होते.

"आप्पा, चोर सापडला."

"कोण, सावळाराम?"

"आपल्या घरातलाच आहे."

खाट करकरली.

"डबा रोज बॅगेत असतो. बॅग चोरीला गेली, मग डबा एकटाच चालत घरी आला का? आणि एवढी सालं खोडदला मामाच्या कांदे साठवायच्या चाळीत असतात, स्टँडवर नाही. दादानं चाळीत बसून डबा खाल्ला, बॅग कांद्यांत पुरली, डबा घेतला आणि स्टँडवर येऊन बोंब ठोकली. दादा, नोकरी टाकायचं धाडस केलंस आणि आईचा डबा टाकायचं नाही झालं?"

सूरज उठून बसला.

"राजीनामा लिहून लिहून फाडला," तो म्हणाला. "आप्पा, तुम्ही पावण्यारावळ्यांत सांगत फिरता, आमचा सूरज टाय लावतो. कसा सोडू? बॅगच गेली तर कंपनीच काढून टाकेल म्हटलं. कुणाला दोष लागणार नाही. सावळारामकाका मधे येतील असं वाटलं नव्हतं."

आईनं तोंडाला पदर लावला. आप्पांनी खिळ्यावरचा टाय काढून हातात घेतला.

"झालं ते झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "अंधार पडला की बॅग बाकाखाली ठिवून येतो. सापडली म्हणायचं. सूरज उद्यापास्नं कामावर."

"आणि सावळारामकाका?"

"बॅग सापडल्यावर सुटलाच की तो."

"कसले सुटतायत? भ्याला आणि गुपचूप आणून ठेवली, असंच म्हणतील सगळे. जन्मभर."

"तू गप गं. पोरीच्या जातीनं किती बोलावं."

वृषालीनं दारातली सायकल वळवली.

"आई, आप्पा, मी खोडदला निघाले. बॅग आणून उजेडातच चौकीत देणार आणि चोर कोण ते नावानिशी सांगणार. दादा आला तर त्यानं सांगावं. नाही आला तर मी सांगेन."