दहाची कॅप्सूल

१९७८च्या जानेवारीत पिंपरीच्या त्या कारखान्यात फ्लूची साथ शिरली आणि पत्रा ठोकणारं निम्मं प्रेस शॉप आडवं झालं. रजा बंद. कंपनीनं परदेशी कॅप्सूल मागवल्या. रोज सकाळी कंपाउंडर ज्ञानदेव प्रत्येकाला एकेक द्यायचा आणि औषधाच्या त्रासांचं कार्ड वाचून विचारायचा, “मळमळ? चक्कर? झोप उडाली? तोंड कोरडं? पायावर निळसर जाळी?”

प्रेसवरचा कोंडीराम सगळ्याला “न्हाई” म्हणायचा. होणार कसं? कॅप्सूल तो तंबाखूसारखी गालात दाबून बाहेर आणायचा आणि दूधवाल्या धोंडीबाच्या हाती चाकणपलीकडे पाठवायचा. तिथं माहेरी त्याची बायको तानुबाई तापानं पडली होती. डबल ड्यूटी करून त्याचा पिट्टा पडला होता, पण तिच्याजवळ बसायला एक दिवस मिळत नव्हता. निदान औषध तरी.

चौथ्या दिवशी बरोबर दहाला प्रेसपुढची जमीन डुलली. तोंडाला कोरड पडली. रात्री डोळ्याला डोळा लागेना. नडगीवर निळी जाळी उमटली. ज्ञानदेवानं कार्डावर भराभर खुणा केल्या. “औषधानं होतं असं. घाबरू नका.” कोंडीरामानं तर एकही गिळली नव्हती.

“तानू कशी हाय?” त्यानं धोंडीबाला विचारलं.

“बरी हाय की. सकाळी धाला गोळी घेती अन् गाढ झोपती. तिला कसलाच तरास न्हाई.”

तेव्हापासून चक्कर आली की कोंडीरामाला बरं वाटायचं. घेतली बाईनं, असं म्हणायचा आणि मशीनला धरून उभा राहायचा.

आठवड्यानं धोंडीबा दुधाच्या किटल्यांविना, रिकाम्या हातांनी आला. तानुबाई पहाटे गेली होती.

माती झाली. सासूनं, अंबूबाईनं, एक कॅप्सूल त्याच्या हातावर ठेवली. “ही आजची व्हती.” कोंडीरामानं ती चिखली गावातल्या आपल्या खोलीवर ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं.

तो कामावर परतला त्या दिवशी दहाला जमीन डुलली. संध्याकाळी त्यानं ट्रंक उघडली. कॅप्सूल नव्हती.

कुणाला सांगितलं नाही त्यानं. रोजची कॅप्सूल गालातून ट्रंकेत. रोज कुलूप, रोज दहाला चक्कर, रोज ट्रंक रिकामी. झोप नव्हती, अंगात त्राण नव्हतं. पण तानू अजून कुठंतरी होती, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

फेब्रुवारी उजाडला. ज्ञानदेव म्हणाला, “साथ ओसरली. आजची शेवटची.” मग त्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिला. “कोंडीराम, आ करा.”

“गिळली की.”

“आ करा.”

पाण्याचा पेला पुढे आला. कोंडीरामानं गिळली.

दहा वाजले. साडेदहा झाले. जमीन जागची हलली नाही. तोंड ओलं होतं, डोकं लख्ख होतं. कोंडीराम मशीनआड बसून हमसाहमशी रडला.

संध्याकाळी त्यानं खोलीचं कुलूप काढलं. माठ कलंडला होता. चुन्याच्या भिंतीवर ओल्या पंजाचे ठसे होते, लहानसे, बोटं फाकलेले. कुणीतरी भिंतीला धरत धरत ट्रंकेपर्यंत गेलं होतं.

“तानू,” तो हळूच म्हणाला, “खाली बस. चक्कर जाईल.”

पुढचा ठसा त्याच्यादेखत, जमिनीलगत उमटला.