तृप्तीचं विरजण

तीन घोट पिऊन अन्वयनं आजही तोंड फिरवलं. वृषालीनं त्याला परत छातीशी धरलं, गाल थोपटले, तळपायाला गुदगुल्या केल्या. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"पी ना रे राजा!" ती ओरडली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

डॉक्टर बदलून झाले, औषधं बदलून झाली, वजनाचा काटा काही हलेना. शेवटी तिनं पुण्याला डॉ. हेमांगी दाभोळे यांची प्रयोगशाळा गाठली. 'तृप्तिका' शोधली होती ती याच बाईंनी.

दुधातली प्रथिनं पचताना त्यांचे बारीक तुकडे होतात. त्यांतले काही आतड्याला इशारा देतात आणि आतडं मेंदूला कळवतं, पोट भरलं. तृप्तिका हा असाच, पण फार जोरकस तुकडा. दुधातून तो कापून काढणारे जिवाणू दाभोळेबाईंनी दह्याच्या विरजणात सोडले. वाटीभर दही खाल्लं की दोन घासांत समाधान! लोकांची वजनं उतरली, रक्तातली साखर आटोक्यात आली. विरजण शेजारणीनं शेजारणीला दिलं, लेकींबरोबर सासरी गेलं. काही वर्षांत साधं विरजण शोधूनही सापडेना.

"पण मॅडम, यानं अजून दही चाखलंसुद्धा नाही," वृषाली म्हणाली.

"तुम्ही खाल्लंत ना? ते जिवाणू तुमच्या आतड्यात वस्तीला राहिले. बाळंतपणात त्याच्याकडे गेले. आता तुमच्या काय, कुठल्याही दुधातून ते त्याच्या पोटात तृप्तिका बनवतात."

"मग मारून टाका ना त्यांना!"

"मारले होते. दुसऱ्या एका बाळाच्या पोटातले. आईनं पापा घेतला, परत आले. आता ते सगळ्यांच्याच अंगात आहेत. माझ्याही."

"म्हणजे मी त्याला जवळच घ्यायचं नाही?"

 दाभोळेबाई हळूच म्हणाल्या, "सध्या नळीनं भरवू. भूक नसली तरी खायचं असतं, हे त्याला कळेपर्यंत."

"आणि ते मी शिकवायचं?" वृषालीचा आवाज चिरकला. "भूक लागते म्हणजे काय होतं, तेच मला आठवत नाही हो!"

नर्सनं नाकातून नळी घातली. दूध उतरू लागलं तसा अन्वय जीव तोडून रडू लागला, नळी उपटायला धडपडू लागला. वृषालीनं दात आवळून त्याचे दोन्ही हात गादीवर दाबून धरले.