अनोळखी आवाज

चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात, एमआरआयच्या खोलीबाहेर, रंजीताच्या शेजारी एक मुका येऊन बसला.

म्हणजे तिला तो मुका वाटला. २००७ चा डिसेंबर. बाहेर कोळशाच्या धुळीनं ऊनसुद्धा मळकं, आणि हा उंच पोरगा मफलर नाकापर्यंत ओढून गप्प. "सरका जरा," म्हटलं... सरकला. "पानी कुठी मिळते?" त्यानं बोट दाखवलं. डोळे बोटाबरोबर गेले खरे, पण परत येताना तिच्यावरच अडकले.

"बोलता येत नाई का तुमाले?"

तो नुसता हसला.

"मी मुकी, तुमी माह्याहून मुके. जमलं बापा आपलं!"

तिची आई देवकाबाई दचकून बघायला लागली. पोर वर्षभरात परक्या माणसाशी आपणहून एवढं बोलली नव्हती. आरमोरीजवळचं त्यांचं गाव. धानाच्या कापणीला सगळे शेतावर, बांधीत, आणि ही भिंतीकडे तोंड करून. कॉलेज सुटलं, जेवण सुटलं. कोणी आळस म्हणालं, कोणी बाहेरची बाधा. सरकारी डॉक्टर नैराश्य म्हणाले आणि त्यांनी साधना मॅडमकडे धाडलं. मॅडम मेंदूचे फोटो घेऊन शोधत होत्या. उदास माणसाच्या कानावर आवाज पडला की मेंदूतला कोणता भाग जागा होतो, कोणता निजूनच राहतो? त्यावरून कोणाला कोणता उपचार लागू पडेल, हे पुढेमागे ताडता येईल का?

रंजीतानं मात्र घरून निघतानाच आईला बजावलं होतं, "हा शेवटचा दवाखाना. यानंतर मले कुठी नेजो नोको."

आणि तो मुका? त्याचं नाव हेमराज. वडसा गावचा. मशीनमध्ये पेशंटला आधी आईचा आवाज ऐकवायचा, मग अनोळखी माणसाचा. मॅडमनी आधी स्वतःचाच आवाज भरला होता, पण ती पुणेरी भाषा कानी पडताच पेशंट परीक्षेला बसल्यासारखे ताठ व्हायचे. म्हणून आजपासून हा इकडचा आवाज माइकवर बोलायला आणला. अट एकच : तपासणीआधी पेशंटशी एक शब्दही बोलायचा नाही. हेमराजच्या पोटात शब्द नुसते उकळत होते... तोंडाला वाफही येत असावी, मफलर उगाच नव्हता.

रंजीतानं कानातले काढले, पायातल्या तोरड्या काढल्या आणि ती दाराकडे निघाली. हेमराजनं पाहिलं— अंबाड्यात लोखंडी पिन! चुंबकाच्या त्या खोलीत पिन बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. त्यानं डोक्याकडे बोट केलं.

"मले येडी म्हनून राह्यले का?"

तो जोरजोरात हात हलवू लागला. ती फणकारून वळली, दार उघडलं... तो धावला आणि त्यानं पिन उपसली. केस पाठीवर सांडले. आणि खाडकन त्याच्या गालावर बसली! ती अशी की बाहेरच्या ऑटोवाल्यानं टायर फुटलं समजून खाली उतरून पाहिलं.

हेमराजनं तळहात उघडून पिन दाखवली. गाल लाल, डोळ्यात पाणी, तोंडातून हूं की चूं नाही.

"...दुखलं का?" तिनं हळूच विचारलं. त्यानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

मग ती मशीनमध्ये. वर छप्पर नाकाला टेकलेलं, सगळीकडून ठकठक, हातात इशाऱ्याचा रबरी फुगा. हेडफोनमध्ये आईचा आवाज, "रंजू, जेवली का वो?" मग थोडी शांतता. मग दुसरा आवाज... "आज बजारात वांगे आले."

रंजीतानं फुगा दाबला. दाबला, दाबतच राहिली.

बाहेर काढताच ती उठून बसली. "कोनाचा आवाज हा?"

"अनोळखी माणसाचा," मॅडम म्हणाल्या.

"अनोळखी? हा तर नाटकवाला!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. दिवाळीनंतर झाडीपट्टीची, या धानाच्या मुलखाची, नाटकं सुरू झाली की वडशाहून भोंग्याची गाडी गावोगाव नाटकं पुकारत फिरते, आणि गाडीत हेमराज! त्याचा आवाज एवढा, की स्टेशनवर तो खोकला तर गार्ड हिरवी झेंडी दाखवायचा. अख्ख्या मुलखाला पाठ असलेला आवाज मॅडमनी अनोळखी म्हणून आणला होता.

"मी दिवसभर पडून राहे," रंजीता म्हणाली. "गाडी आली का उठून खिडकीपर्यंत जाये. दिवसाचं तेवढंच उठनं."

दारात हेमराज खिळून उभा.

"चूक माझी," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या आवाजावर पुन्हा घ्यावं लागेल. नको असेल तर नको. उपचार तसेही आजच सुरू करू."

"काईच नोको. माय, घरी चाल."

देवकाबाईनं पदर डोळ्याला लावला. शेवटचा दवाखाना संपत होता.

"मॅडम, माहा आवाज तर बाद झाला," हेमराज म्हणाला. "आता बोलू?"

मॅडमनी मान डोलावली.

"भेव कायचं वाटते?" भोंग्यावरचाच आवाज, पण एवढा हळू तो आयुष्यात बोलला नसेल.

रंजीता गर्रकन त्या मुक्याकडे वळली; हाच तो आवाज! "फोटोत काईच नाई निघालं तं? घरचे म्हनतीन, नखरेच होते."

"अगं, फोटोवरून तुझा आजार खरा-खोटा ठरत नाही," मॅडम चटकन म्हणाल्या. "तो मी तुझ्याशी बोलूनच ओळखलाय. खरा आहे. फोटो आम्हाला शिकायला हवाय, बाकीच्यांसाठी."

खरा आहे... रंजीतानं तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. मग मोकळे केस मागं बांधायला आईकडे दोरा मागितला.

"मी इथीच बसतो," हेमराज म्हणाला. "काई बोलत राहू?"

"गप बसा... पन जाऊ नोका."

दुसऱ्या आवाजावर फोटो झाला, आणि दुपारी ती गोळ्यांची पुडी आणि पुढच्या भेटीची तारीख घेऊन पायऱ्या उतरली. तो खाली उभा होता.

"मी समजे, मी रानालेच आयकवून राह्यलो," तो म्हणाला. "खिडकीत कोनी हाय, मालूम असतं तं..."

"तं का?"

हजार माणसांसमोर न अडखळणाऱ्या माणसानं मफलर पुन्हा नाकापर्यंत ओढला. "उद्या... तुमच्या गावात गाडी आनतो."

रंजीता समोर येऊन थांबलेल्या एसटीची पायरी चढली, आणि वळून पहिल्यांदा नीट हसली.

"ये. पन भोंगा वडशाले ठेवून ये. मले एकटीलेच आयकायचं हाय."